फर्मवेअर वाचायला बसतोस तर आधी पत्ता पाहा

भाऊ, सीताबर्डीतून जुना इंटेलचा मदरबोर्ड आणलास, चांगलं केलंस. पण त्याच्या फर्मवेअरचा (बोर्ड चालू होताच आधी चालणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्रामचा) सोर्स कोड पहिल्या फाइलपासून वाचू नकोस. सुरुवात शेवटापासून कर.

फ्लॅश चिपमधली इमेज (तिच्यातल्या सगळ्या बाइटची फाइल) हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघड आणि शेवटचे १६ बाइट बघ. रीसेट झाल्यावर प्रोसेसर पहिली सूचना ४ जीबीच्या पत्त्याच्या बरोबर १६ बाइट खालून उचलतो. तिथे रॅम नसते. चिपसेट (प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणारी चिप) फ्लॅश चिपच तिथे दाखवतो, चिपचं शेवटचं टोक ४ जीबीला टेकवून. म्हणून ८ एमबीची इमेज असेल तर बाइटच्या फाइलमधल्या जागेत, म्हणजे सुरुवातीपासूनच्या अंतरात, (४ जीबी वजा ८ एमबी) मिळव, की मेमरीतला पत्ता मिळाला. हे गणित कागदावर करच, पुढचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

त्या वेळी रॅम सुरूच झालेली नसते. कोड फ्लॅशमधूनच जागच्या जागी चालतो आणि स्टॅकसाठी (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींसाठी) प्रोसेसरमधली कॅशे उसनी घेतो. या भागातले पत्ते बिल्ड करतानाच पक्के होतात. हा भाग हाताने पुढे-मागे सरकवलास तर बोर्ड उठणारच नाही. रॅम जागी झाली की उरलेला, बहुतेक दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेला कोड तिच्यात उलगडतो. यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरमध्ये डीएक्सई, म्हणजे ड्रायव्हर चालवणारा टप्पा, तिथूनच चालतो.

एएमडीच्या झेन प्रोसेसरांना हे लावू नकोस. तिथे वेगळा सुरक्षा प्रोसेसर आधी रॅम तयार करतो.

आणि चिपवर काही लिहिण्याआधी ती दोनदा वाच, दोन्ही प्रती जुळव, चिपचं व्होल्टेज तपास. १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ देऊ नकोस.