सकाळची कीर्द

प्रिय पोरा,

पत्र मिळालं. ‘दादा रोज घेतो, पण कधी झिंगत नाही, मग व्यसन कसं म्हणायचं?’ अरे, झिंगत नाही हीच तर खूण. पूर्वी नाइंटीत डोलणारा आज क्वार्टर मारून ताठ चालतो, त्याला गावात ‘पचवतो गडी’ म्हणतात. पचत काही नसतं, अंगाला सराव झालेला असतो.

माझंच सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो. माझ्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, सकाळचे आकडे वेडेवाकडे, दुपारचे मोत्यासारखे. सगळ्यांना वाटायचं, सौद्याची घाई. खरं तर अकराच्या सुमारास मी मागच्या गल्लीत जाऊन यायचो. हात दारूनं कापत नव्हते, दारू उतरल्यानं कापत होते. चहा बशीत ओतणंही सोडलं होतं, कारण बशी वाजायची. बायकोनं ते ओळखलं, मालकानं नाही.

तेव्हा दादाच्या बाटल्या मोजू नकोस, त्याची सकाळ बघ. हात, घाम, कोरड्या ओकाऱ्या आणि पहिल्या घोटानंतरचा निवांतपणा. डॉक्टर सहा लक्षणं बघतात: तलफ, ताबा सुटणं, मात्रा वाढत जाणं, बंद केल्यावर त्रास, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं. वर्षभरात यातली तीन एकत्र दिसली, तर व्यसन जडलं समज.

बाकी नशांचं थोडक्यात. गांजानं डोळे लाल होतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, घेणारा रात्र-रात्र जागतो, दात खातो, वजन उतरतं. जिमच्या पिशवीत सिरिंज दिसली, तर ‘प्रोटीन असेल’ म्हणून सोडू नकोस.

आणि रागाच्या भरात त्याला खोलीत कोंडून दारू तोडू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास, बरळणं, ताप. त्यात माणूस दगावतो. मला तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती. आधी डॉक्टर, मग बंद. व्यसनमुक्ती केंद्रं आहेत: साताऱ्यात परिवर्तन, पुण्यात मुक्तांगण. काहीच सुचलं नाही, तर व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४४६ वर, फोन लाव, पैसे पडत नाहीत.

दादाशी बोलशील ते त्यानं घेतलेली नसताना, आणि आईसमोर नको. रविवारी दुपारी ये. ती कीर्द रद्दीत निघाली होती, मी मागून घेतली. दाखवतो.

तुझा,
काका