आठवडी बाजारातल्या ‘डेंटल’वाल्याला परवाना असतो का, आणि डेंटल हायजिनिस्ट गावात स्वतःचा दवाखाना काढू शकते का?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पांढरकवड्याकडच्या आपल्या गावात बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ दात काढतात, साफ करतात आणि ‘पक्के’ दात बसवतात. त्यांच्या दुकानात आजोबांच्या नावाचे चौकटीतले जुने प्रमाणपत्र लावलेले आहे आणि ‘आमचा परवाना पिढीजात आहे’ असे ते सांगतात, तर हे खरे आहे का, हा पहिला प्रश्न. डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे दात साफ करण्याच्या कामाचा, कोर्स करायला निघालेल्या आपल्या धाकट्या बहिणीला पुढे गावात स्वतःचा दवाखाना टाकता येईल का, हा दुसरा. मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकलो आणि गेली सतरा वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे या दोन्ही प्रकरणांशी माझा जवळपास रोजचा संबंध येतो.

त्या गृहस्थांना परवाना नाही. आपल्या बहिणीला मात्र कायद्याने एक स्वतंत्र, पण आखून दिलेली जागा दिलेली आहे, आणि ती जागा नेमकी कुठे संपते हे तिला फी भरण्यापूर्वीच माहीत असलेले बरे.

आधी त्या चौकटीतल्या प्रमाणपत्राविषयी, कारण ते अगदीच खोटे असेल असे मला वाटत नाही. देशात दंतवैद्यांचा कायदा 1948 साली झाला. त्यापूर्वी हा व्यवसाय करणाऱ्यांपैकी अनेकांकडे पदवी नव्हती, ते बापाकडून किंवा एखाद्या उस्तादाकडून हात शिकलेले होते. कायदा झाला म्हणून या सगळ्यांना एका दिवसात बेकार करणे शक्य नव्हते, म्हणून नोंदवहीचे दोन भाग केले गेले. मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांची नावे ‘अ’ भागात, आणि पदवी नसली तरी किमान पाच वर्षे मुख्यतः याच कामावर पोट भरत असलेल्यांची नावे ‘ब’ भागात. आपले विदर्भाचे जिल्हे तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, त्यामुळे त्या काळचा कागद आजच्या महाराष्ट्राच्या कागदासारखा दिसत नसेल, तर त्यात आश्चर्य नाही. आजोबांचे नाव खरोखर ‘ब’ भागात असू शकते. परंतु नोंदणी माणसाची असते, दुकानाची किंवा घराण्याची नव्हे. सातबाऱ्यावर वारस लागतात, दंतवैद्यांच्या नोंदवहीत लागत नाहीत. आजोबा गेले त्याबरोबर त्या कागदाचे कायदेशीर मोलही गेले, आणि आज नव्याने नोंदणी करायची तर बीडीएसची पदवी लागते, म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप.

‘मी डॉक्टर म्हणवत नाही, फक्त दात बसवतो’ असा युक्तिवाद ही मंडळी हमखास करतात. पण कायद्यातली दंतवैद्यकाची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. दातांवर किंवा जबड्यावर करायची शस्त्रक्रिया आणि उपचार, त्यासाठी दिलेली भूल, दातांचा एक्स-रे, एवढेच नव्हे तर कवळी बसवण्यासाठी रुग्णाच्या तोंडात हात घालून केलेले कोणतेही काम तिच्यात येते. डेंटल मेकॅनिक म्हणून ज्याची रीतसर नोंदणी झाली आहे, तोसुद्धा कवळी तयार करू शकतो, दुरुस्त करू शकतो, पण ते सगळे टेबलावर. तोंडाचे माप घेणे आणि तयार कवळी तोंडात बसवणे हे दंतवैद्याचे काम आहे. बाजारातल्या माणसाकडे यांपैकी कोणतीच नोंदणी नसते, आणि तो करतो मात्र दंतवैद्य, मेकॅनिक आणि हायजिनिस्ट या तिघांचेही काम.

ही भेद करणारी रेषा केवळ कागदी नाही, हे सांगण्यासाठी एकच प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक साठीच्या पुढच्या आजी आल्या. वरचे समोरचे तीन दात नव्हते, आणि त्या जागी बाजारातून बसवून घेतलेले ‘पक्के दात’ होते. पक्के म्हणजे काय, तर लवकर घट्ट होणारे गुलाबी अॅक्रिलिक थेट हिरडीवर थापलेले, त्यात तयार दात रोवलेले, आणि हे सगळे ढेकूळ दोन्ही बाजूंच्या चांगल्या दातांना बारीक तारेने आवळून बांधलेले. ते काढता येत नव्हते, म्हणून त्याखाली घासताही येत नव्हते. बर, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचे फिरते टोक, लावून ते तुकड्या-तुकड्याने कापून काढायला मला चाळीस मिनिटे लागली, आणि शेवटचा तुकडा निघाला तेव्हा जो वास सुटला त्याने माझ्या सहायकाने खिडकी उघडली. खालची हिरडी कच्च्या मांसासारखी लाल होती, आणि ज्या दोन दातांना तार बांधली होती ते दोन्ही हलत होते. तीन दातांची उणीव होती, ती पाच दातांची झाली. मी विचारले, असे काहून केले आजी, तर म्हणाल्या, ‘मले का मालूम बाबू, पाटी त दाताच्या डाक्टरचीच होती.’

आता एक गोष्ट, जी त्या गृहस्थांना कदाचित ठाऊक असेल आणि ते आपल्या बचावासाठी पुढे करतील. कायद्याच्या 49 व्या कलमाने नोंदणी नसलेल्यांना हा व्यवसाय करण्यास मनाई केली आहे, पण त्याच कलमात काही अपवाद आहेत. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला सूट आहे. दुसरा अपवाद असा की, गरज तातडीची असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य उपलब्ध नसेल, तर कोणीही दात काढू शकतो, मात्र कोणतीही भूल न देता. 1948 सालच्या खेड्यांचा विचार केला तर ही तरतूद समजण्यासारखी आहे. रात्रभर ठणकणारा, हलता दात घेऊन माणूस बैलगाडीने किती कोस जाणार होता? पण हा अपवाद वाचावा नीट. तो तातडीसाठी आहे, दर बाजाराला मांडलेल्या दुकानासाठी नाही. शिवाय तो भुलीशिवायच लागू होतो. आपल्या गावचे गृहस्थ सुई देऊन दात काढत असतील, आणि आजकाल बहुतेक जण देतातच, तर सिरिंज हातात घेतल्याक्षणी त्यांनी स्वतःच ती सूट सोडून दिलेली असते. तक्रार करताना हा मुद्दा आवर्जून लिहावा. साहित्य वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक न करता नुसते लाल औषधाच्या पाण्यात बुडवून पुढच्या माणसाच्या तोंडात घालणे हा आणखी वेगळा धोका आहे, कारण कावीळ ‘ब’ आणि ‘क’ रक्तातून पसरतात.

खरा दंतवैद्य ओळखायचा कसा? पाटीवरच्या ‘डेंटल’ या शब्दावरून नव्हे, क्रमांकावरून. प्रत्येक दंतवैद्याने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावला पाहिजे, आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पैशांची पावती यांवरही छापला पाहिजे, असे आचारसंहितेचे 2014 चे नियम सांगतात. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे कार्यालय मुंबईला आहे. तिच्या नोंदवहीतले क्रमांक साधारणपणे ‘ए’ या अक्षराने सुरू होतात, आणि तो क्रमांक त्या नावाचाच आहे का, याची खात्री परिषदेकडून करून घेता येते. क्रमांक विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्या खुर्चीत बसू नये. मला कोणी विचारले तर मी भिंतीकडे बोट दाखवतो. त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही.

तक्रारीच्या बाबतीत मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. 1948 च्या कायद्यात विनानोंदणी व्यवसायासाठी पहिल्या दोषसिद्धीला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये ही तेव्हा मोठी रक्कम होती. आज तो माणूस एका बाजारात त्याहून जास्त मिळवतो. शिवाय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय राज्य शासनाच्या किंवा राज्य परिषदेच्या आदेशाने केलेल्या तक्रारीवरच घेते, म्हणून आपण थेट न्यायालयात गेलात तर काम होणार नाही. संसदेने 2023 मध्ये या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे, पण नोंदणीचे काम त्यातही राज्याच्या परिषदेकडेच आहे, त्यामुळे आपला अर्ज तिकडेच जातो. दुकानाच्या पाटीचा फोटो, मिळाली असेल तर पावती, आणि ज्याला इजा झाली त्याचे लेखी म्हणणे, एवढे जोडून एक अर्ज परिषदेला आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावा, आणि दोन्हींची पोच घ्यावी. इजा झालेली असेल किंवा डॉक्टर असल्याचे भासवून पैसे घेतले असतील, तर पोलिसांकडे फसवणुकीची फिर्याद हा वेगळा मार्ग आहे. भारतीय न्याय संहितेचे 318 वे कलम त्यासाठीच आहे. मी स्वतः एकदा असा अर्ज दिला होता. पाच महिन्यांनी पथक आले, त्या बाजाराला तो माणूस आला नाही, पुढच्या बाजाराला आला.

आणि तो येतो याला आम्ही दंतवैद्यही जबाबदार आहोत, हे लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. माझ्या वर्गातले बहुतेक जण नागपूर, पुणे, मुंबई सोडून कुठे गेले नाहीत. ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक असेल तर दात तिथे अत्यल्प खर्चात निघतो, पण सोयाबीनच्या सवंगणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोणी तालुक्याला येत नाही, आणि बाजार तर दाराशीच भरतो.

आता आपल्या बहिणीविषयी. कायद्याच्या भाषेत डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दंतवैद्य किंवा वैद्यकीय व्यावसायिक नसलेली, दात खरवडणारी, साफ करणारी, त्यांना चकाकी देणारी किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती. हा कोर्स दोन वर्षांचा असतो, आणि त्यानंतर राज्य परिषदेच्या हायजिनिस्टांच्या नोंदवहीत नाव लागावे लागते. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘डेंटल हायजिन’चा डिप्लोमा देणाऱ्या संस्थांच्या जाहिराती तिला दिसतील. पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न परिषदेलाच लेखी विचारावा, की या संस्थेच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होईल का. संस्थेचे उत्तर ग्राह्य धरू नये. माझ्याकडे असेच एका संस्थेचे रंगीत प्रमाणपत्र घेऊन आलेल्या एका मुलीला मी परत पाठवले, आणि तिच्या वडिलांनी त्यासाठी एक बैल विकला होता, हे मला नंतर कळले.

नोंदणीनंतर ती कीटण काढू शकते, दात चकचकीत करू शकते, घासायचे कसे ते शिकवू शकते. सुई देणे, दात काढणे, सिमेंट भरणे, एक्स-रे काढणे, औषध लिहून देणे, कवळीचे माप घेणे, यांपैकी काहीही करू शकत नाही. मग फक्त साफसफाईचा स्वतंत्र दवाखाना का नको? माझे स्पष्ट मत असे आहे की, तिने नोंदणीकृत दंतवैद्याच्या देखरेखीखालीच काम करावे, कारण ‘फक्त साफ करून द्या’ म्हणणारा माणूस क्वचितच फक्त साफसफाईसाठी आलेला असतो. एखाद्याला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतात, एखाद्याची साखर तीनशेच्या वर असते, आणि स्केलिंग आज करायचे की नाही हे ठरवणे हाच मुळी उपचाराचा निर्णय आहे.

आपल्या भागात याला आणखी दोन कारणे आहेत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे; पिण्याच्या पाण्याची अखेरची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. लहानपणी असे पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग पडतात. ते डाग दात बनतानाच त्यांच्या आत उतरलेले असतात, खरवडून जात नाहीत. बाजारातला माणूस त्यावर अॅसिडचा बोळा फिरवतो, दात दोन दिवस पांढरे दिसतात आणि मग थंड पाणीही सोसवत नाही. हायजिनिस्टला डाग आणि कीटण यांतला फरक ओळखता आला पाहिजे, आणि ‘हे माझ्याने निघणार नाही, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगता आले पाहिजे.

दुसरे कारण म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात ठेवणाऱ्यांचे गाल आतून पांढरे, चामड्यासारखे घट्ट होत जातात आणि तोंड उघडणे कमी होते. आमच्याकडे साधी कसोटी आहे: स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून उभी आत जातात का. ज्याची दोनच जातात, त्याला हे कळायला कित्येकदा दातांचे दुखणेच कारण होते, आणि त्याचे तोंड सर्वांत आधी, सर्वांत जवळून पाहणारी व्यक्ती दात साफ करणारी असते. निदान तिने करायचे नाही, पण पाहिलेले दंतवैद्याला त्याच दिवशी सांगायचे आहे, आणि त्यासाठी दंतवैद्य शेजारच्या खोलीत असावा लागतो.

तालुक्याच्या ठिकाणी अशा मुलींना काम मिळत नाही, असे आपण लिहिले आहे. माझा अनुभव उलटा आहे. दवाखान्यातली दुसरी खुर्ची मी चार वर्षांपूर्वी हायजिनिस्टसाठीच घेतली होती. तिच्यावर सध्या रुग्णांच्या पिशव्या ठेवलेल्या असतात.