लाइट आल्यावर सर्व्हिस उठत नाही : एनेबल आहे, पण क्रम कुठे सांगितलाय?

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी : सावद्याच्या केळी पॅकहाऊसमध्ये उबंटूच्या पीसीवर भुईकाट्याचा प्रोग्राम ‘काटा’ नावाची सर्व्हिस (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हणून चालतो, नोंदी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये जातात. ‘सिस्टिमसीटीएल एनेबल काटा’ केलेलं आहे, तरी लाइट जाऊन आली की काटा बंदच. कोणीतरी हाताने ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट काटा’ मारलं की लगेच चालू. तोवर ट्रक गेटवर खोळंबलेले.

हाताने चालू होतो, म्हणजे प्रोग्राम धड आहे. एनेबलही धड आहे. पण एनेबलचा अर्थ ‘बूट होताना हिला उठव’ एवढाच. कोणाच्या नंतर उठव, हे त्यात येत नाही. आणि सिस्टिमडी, म्हणजे उबंटूत सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम, बूटच्या वेळी सर्व्हिसेस रांगेने उठवत नाही, जमतील तितक्या एकदम उठवतो. लाइट धाडकन गेलेली असेल तर मारियाडीबी आधी अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरतो, मग कनेक्शन घेतो. तुमचा काटा तोवर थांबत नाही, डेटाबेस नाही म्हणतो आणि बाहेर पडतो.

‘मग रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर (पडली तर परत उठव) लिहिलंय त्याचं काय?’ हा तुमचा सवाल रास्त आहे. खरी गोम तिथेच आहे. दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचं हे सांगितलं नसेल तर सिस्टिमडी फक्त 100 मिलिसेकंद थांबतो. आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की तो नाद सोडतो. काटा उठल्या उठल्या पडत असेल, तर पाचही संधी एक-दोन सेकंदांत संपतात. डेटाबेस तयार होतो तेव्हा विचारायला कोणीच उरलेलं नसतं. ‘जर्नलसीटीएल -बी -यू काटा’ मारून या बूटमधला काट्याचा लॉग बघा. शेवटी ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ अशी ओळ असेल तर हेच झालंय. (कमांड आणि सेटिंगची नावं टाकताना अर्थात इंग्रजीतच टाका.)

आता उपाय. मूळ युनिट फाइलला (काट्याच्या सर्व्हिसची सेटिंग असलेली फाइल) हात लावू नका. ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट काटा’ मारा. एडिटर उघडेल, त्यात वरच्या बाजूला सांगितलेल्या जागेतच लिहा. युनिट या शीर्षकाखाली दोन ओळी :

वॉन्ट्स=मारियाडीबी.सर्व्हिस
आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस

आणि सर्व्हिस या शीर्षकाखाली :

रिस्टार्टसेक=15

दोन्ही शीर्षकं चौकटी कंसात हवीत. आफ्टर फक्त क्रम लावतं, डेटाबेसला उठवत नाही. उठवण्याचं काम वॉन्ट्सचं. म्हणून दोन्ही लागतात. मारियाडीबी ‘मी तयार आहे’ असं स्वतः कळवतो, त्यामुळे आफ्टर इथे खरोखर वाट बघतं. सगळेच प्रोग्राम इतके शहाणे नसतात. आणि 15 सेकंदांच्या अंतरामुळे 10 सेकंदांत पाचचा आकडा गाठलाच जात नाही, प्रयत्न चालूच राहतात.

वॉन्ट्सऐवजी रिक्वायर्स लिहा असं कोणी सांगेल. मी लिहिणार नाही. आफ्टरच्या जोडीला रिक्वायर्स असलं आणि डेटाबेस पहिल्या फटक्यात उठला नाही, तर काटा सुरूच केला जात नाही, मग रिस्टार्टची ओळ असून नसून सारखी.

एडिट वापरलंत तर बदल आपोआप वाचला जातो. नॅनो या एडिटरने थेट फाइल बदलली असेल तर मात्र ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ (फाइली पुन्हा वाचायला लावणारी कमांड) विसरू नका, नाहीतर जुनंच चालू राहतं आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

राहिला आरसी.लोकलमध्ये (बूट होताना चालणारी जुनी स्क्रिप्ट) ‘स्लीप 60’, म्हणजे 60 सेकंद थांब, असं टाकण्याचा तुम्हाला कोणी दिलेला सल्ला. ती सिस्टिमडीच्या आधीच्या काळातली सोय. उबंटूत 2015 च्या 15.04 पासून सिस्टिमडीच डीफॉल्ट आहे. शिवाय डेटाबेसला सत्तर सेकंद लागले त्या दिवशी परत तेच.

तपासायला लाइट जायची वाट बघू नका, आणि प्लग तर मुळीच ओढू नका. काटा आणि मारियाडीबी दोन्ही स्टॉप करा, मग एकट्या काट्याला स्टार्ट द्या. स्टेटसमध्ये आधी मारियाडीबी, मग काटा अशा वेळा दिसल्या की झालं. त्यानंतर ट्रक नसतील तेव्हा एकदा रीबूट करून बघा.