बोअरचं पाणी कोमट येतं आणि मोटर सारखी जळते. खाली भूगर्भातली उष्णता असेल का?

तुम्ही लिहिलंय की मोर्शीकडे ८०० फुटांचं बोअर आहे, पाणी कोमट येतं, वर्षात दोनदा मोटर जळली, आणि उनकेश्वरसारखा गरम झरा लागला असेल तर त्यावर वीज काढता येईल का? विजेचं आधी सांगते, नाही. खाली गेलं की जमीन सगळीकडेच तापत जाते, किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. तुमचं बोअर पाव किलोमीटरसुद्धा नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम पाणी आपणहून वर येतं, ओएनजीसीने २०२१ मध्ये विजेसाठी करार केला तो तिथे. आपल्या कोमट पाण्यावर काही फिरणार नाही.

पण 'पाणी गरम म्हणून मोटर जळते' हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहायलाच बसले.

२०१९ चा उन्हाळा वरुड-मोर्शीत कोणी विसरणार नाही. उभ्या बागा वाळल्या. आमची आंबिया बहराची संत्री झाडावर होती आणि ९०० फुटांच्या बोअरमधली मोटर तीन महिन्यांत तिसऱ्यांदा जळली. दर वेळी चेनपुली लावायची, पाइप काढायचे, मोटर वायंडिंगला न्यायची. तोवर चार-पाच दिवस बाग कोरडी, खाली फळांचा सडा. वायंडिंगवाला म्हणायचा, पाणीच गरम आहे. काकांचंही तेच. "पोरी, तीस वर्सं झाले मोटरा काढून राह्यलो मी. जमीनच तापेल हाये तं मोटर काय करन?" त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावून बघितलं होतं, तिन्ही फेजचे अँपिअर बरोबर, व्होल्टेज बरोबर, करंट वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले कधी पडला नाही. मग राहिलं काय? पाणी.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय. दूध तपासायचा थर्मामीटर नेला आणि मोटर चालू होऊन अर्धा तास झाल्यावर बोअरच्या तोंडाशी पाणी मोजलं. ३४ अंश. (बागेच्या टोकाला मोजू नका. काळा पाइप मे महिन्याच्या उन्हात पडलेला असतो, तिथलं पाणी हात पोळेल इतकं येतं.) साध्या मोटरच्या माहितीपत्रकात बहुतेक ३० किंवा ३३ अंशांपर्यंतच्या पाण्याचा आकडा असतो. एक ते चार अंशांनी मोटर तीनदा जळत नाही.

तिसऱ्यांदा मोटर वर आली तेव्हा मी तिथेच उभी होते. पंपाचा भाग स्वच्छ, नुसता ओला. त्याच्या खालची मोटर मात्र पांढऱ्या क्षाराने लिंपलेली, चुलीवरच्या हंड्याला आतून बसतो तसा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. असा क्षार तापलेल्या ठिकाणी धरतो. म्हणजे तापत होती ती मोटर, पाणी नव्हे.

बाबांनी बोअर करताना रॉडचा हिशेब वहीत लिहिला होता. वीस फुटांचा एक रॉड. ३१व्या रॉडला, म्हणजे ६२० फुटांवर पाणी लागलं, पुढे ४५व्या रॉडपर्यंत कोरडा काळा दगड. आणि मोटर सोडली होती ८५० वर. सबमर्सिबलमध्ये पंप वर, मोटर खाली, पाणी घ्यायची जाळी दोघांच्या मध्ये. पाणी वरून उतरतं ते जाळीतूनच आत जातं, मोटरच्या अंगावरून फिरतच नाही. मोटर साचलेल्या पाण्यात उभी राहून आपल्याच उष्णतेत शिजते. ओव्हरलोड रिले करंट बघतो, उष्णता बघत नाही, म्हणून तो गप्प.

झऱ्याच्या वर मोटर घ्यावी तर उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जायचं. म्हणून पाच इंची केसिंग पाइपचा तुकडा मोटरवर चढवला. जाळीच्या वर तोंड बंद, मोटरच्या खाली उघडं. आता पाण्याला मोटरच्या खालपर्यंत जाऊन तिच्या अंगाला घासतच वर यावं लागतं. काका म्हणाले, अडकन. अडकली नाही. त्यानंतर ती मोटर जळलेली नाही. आइसलँडमध्ये खरोखर गरम विहिरी उपसतात तिथे पुष्कळदा मोटर वर जमिनीवर ठेवून लांब शाफ्टने खालचा पंप फिरवतात. इतकं जपायचं असतं मोटरच्या थंडाव्याला, आणि आपल्याकडे तीस वर्षांचा अनुभव सांगून ती थेट तळाशी सोडतात.

आमची मोटर चार इंची, बोअर साडेसहा इंची, म्हणून पाइप बसला. तुमची सहा इंची असेल तर जागा नाही, हा उपाय विसरा. रात्रीच्या लाइनला व्होल्टेज पडत असेल किंवा एखादा फेज जात असेल तर कारण वेगळं, ते आधी तपासा. सोडताना मोटरमध्ये स्वच्छ पाणी भरलं होतं का, हेही विचारा. आणि नवं बोअर आणखी खोल घ्यायचा विचार असेल तर करू नका. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर (बोअरसुद्धा) ती खोल विहीर, आणि अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपायला जाहीर केलेल्या भागात, ती घेता येत नाही. आम्ही घेतली, ती चूकच होती.

पाणी कितव्या रॉडला लागलं ते बोअरवाल्याला विचारा. आणि पुढच्या वेळी मोटर वर येईल तेव्हा मिस्त्रीने घासायच्या आत तिचा फोटो काढून इथे टाका.