आरसी बुकात ‘डिझेल’ लिहिलंय, तिथून सुरुवात करू

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४७, आयटीत नोकरी, हातात महिना दोन लाख दहा हजार. म्युच्युअल फंडात ६४ लाख, घराच्या कर्जाचे १७ लाख बाकी, मुलगी अकरावीत आणि पुढे बाहेर शिकायला जायचं म्हणते. त्यांना नाशिकची एक १९६२ची मर्सिडीज २२० एस, मागे पंख असलेली ‘फिनटेल’, पूर्ण रिस्टोअर केलेली, २८ लाखांना मिळतेय. १६ लाख चेकने, १२ रोख. फंड मोडून घ्यायचा विचार आहे. बायकोचा विरोध आहे. त्यांचा युक्तिवाद असा: ‘ही हौस नाही, गुंतवणूक आहे. जुन्या मर्सिडीजचे भाव चढतच असतात. या गाडीला इतिहास आहे.’ सोबत गाडीच्या फाईलचे अकरा फोटो.

तुमचं पत्र वाचलं आणि फोटो दोनदा पाहिले. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. तो उभा, थर्मामीटरसारखा स्पीडोमीटर पाहून मीही दोन मिनिटं हिशेब विसरलो होतो. पण पाचव्या फोटोत आरसी बुकाची झेरॉक्स आहे. इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का? ‘डिझेल’. २२० एस कंपनीने डिझेलमध्ये कधीच काढली नाही. तिच्यात २,१९५ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं आणि तुमच्या आठव्या फोटोत बॉनेटखाली सहा सिलिंडरचंच इंजिन दिसतंय.

यात नवल काही नाही. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा आपल्याकडे मोठ्या इम्पोर्टेड गाड्यांचं पेट्रोल इंजिन काढून भंगारात द्यायचे आणि मिळेल ते डिझेल बसवायचे. तसं पाहिलं तर मर्सिडीजचं डिझेल इंजिन आपल्या आकुर्डीतच लायसन्सवर बनायचं, बजाज टेम्पोच्या गाड्यांसाठी. तेव्हा तुमच्या गाडीची गोष्ट मला अशी दिसते: मूळ इंजिन गेलं, डिझेल आलं, त्याची आरसीवर नोंद झाली, मग रिस्टोअर करताना कुठून तरी सहा सिलिंडरचं इंजिन आणून बसवलं आणि ती नोंद करायची राहिली. म्हणजे आज कागदावर एक इंजिन आणि गाडीत दुसरं. असं असताना उद्या अपघात झाला तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला क्लेम अडवायला दुसरं कारण शोधावं लागणार नाही.

आता इतिहास. विकणाऱ्याने तुम्हाला बरंच सांगितलंय आणि त्यातलं बहुतेक खरंच आहे. ही मालिका १९५९ साली आली. आपटल्यावर गाडीचं पुढचं-मागचं टोक चुरगळावं आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा शाबूत राहावा, ही बेला बारेनी या इंजिनिअरची कल्पना. तिचं पेटंट १९५१चं, आणि ती विकायच्या गाडीत पहिल्यांदा उतरली ती याच मालिकेत. मागच्या पंखांना कंपनी पंख म्हणायचीच नाही. गाडी मागे घेताना टोकाचा अंदाज यावा म्हणून ती सोय आहे, असं त्यांचं म्हणणं. (अमेरिकेत तेव्हा पंखांची फॅशन जोरात होती, हा योगायोग समजायचा.) १९६०ची माँटे कार्लो रॅली हिनेच जिंकली. १९६२ साली एवी रोसक्विस्ट आणि उर्सुला विर्थ या दोघींनी अर्जेंटिनाची हजारो किलोमीटरची शर्यत जिंकली, तीही प्रत्येक टप्प्यात पहिलं येऊन.

फक्त त्या गाड्या २२० एसई होत्या, फ्युएल इंजेक्शनवाल्या. तुमची २२० एस, दोन कार्ब्युरेटरवाली. मॉडेलच्या घराण्याचा इतिहास वेगळा आणि तुमच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा वेगळा. पैसे मिळतात ते त्या एका गाडीच्या इतिहासाचे. २२० एस एक लाख साठ हजारांहून जास्त बनल्या. तुम्ही पत्रात २०२२च्या त्या लिलावाचा दाखला दिलाय, १३.५ कोटी युरोंना गेलेल्या मर्सिडीजचा. ती १९५५ची ३०० एसएलआर कूपे. तशा जगात दोनच बनल्या. तिच्या भावावरून फिनटेलचा भाव काढणं म्हणजे मलबार हिलच्या दराने नाशिकचा प्लॉट विकण्यासारखं आहे.

राहता राहिला ‘मुंबईच्या वकिलातीची गाडी’ हा दावा. तो खरा असू शकतो. त्या काळात परदेशी वकिलातींच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन (एसटीसी) या सरकारी कंपनीमार्फत विकल्या जायच्या आणि बऱ्याच मर्सिडीज तशाच बाजारात आल्या. पण मग एसटीसीचा विक्रीचा कागद किंवा जुन्या आरसी बुकात पहिल्या मालकाची नोंद हवी. तुमच्या फाईलमध्ये दोन्ही नाही. एका नटाचा गाडीला टेकून काढलेला फोटो आहे, पण गाडीला टेकायला मालक असावं लागत नाही.

आता आकडे. तुमच्या फंडातल्या २८ लाखांत साधारण १४ लाख नफा आहे. वर्षाला सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि सेस धरला, तर गाडी दारात यायच्या आधीच एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास कर गेला. तेच २८ लाख जागेवर ठेवले आणि वर्षाला १० टक्के मिळाले असं धरलं (हमी नाही, हिशेबापुरतं), तर दहा वर्षांत साडेबहात्तर लाख होतात. गाडीला बंद गॅरेजचं भाडं, विमा, बाहेरून मागवायची रबरं आणि सुटे भाग, वर्षातून दोनदा मेकॅनिक हे मी वर्षाला एक लाख वीस हजार धरतो, तेही हात आखडता ठेवून. ते पैसेही १० टक्क्यांनी वाढले असते तर १९ लाख झाले असते. म्हणजे नुसती बरोबरी साधायला ही गाडी दहा वर्षांनी ९२ लाखांना विकली गेली पाहिजे. दरवर्षी साडेबारा टक्क्यांहून जास्त वाढ, आणि तीही इंजिन बदललेल्या, कागद अर्धवट असलेल्या गाडीत. मला ते होताना दिसत नाही.

‘१२ लाख रोख’ हे मला सगळ्यात जास्त खटकलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही. रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तितकाच दंड बसतो. दंड त्याला होईल, पण नुकसान तुमचंही आहे. तुमची कागदावरची खरेदी १६ लाखांची राहणार. विमा उतरवताना २८ लाखांची किंमत मागितलीत तर आधार काय दाखवणार? उद्या ३० लाखांना विकलीत तर कागदावर १४ लाख नफा, जो तुम्हाला झालेलाच नाही.

आणि त्या नफ्यावर कर लागेल का? इथे तुमचं पत्रच तुमच्या विरोधात जातं. स्वतःच्या वापरातली चीजवस्तू विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि गाडी त्यात बसते. पण ती खरंच वापरातली हवी. मुंबई उच्च न्यायालयात २०२५ साली अशाच प्रकरणाचा निकाल लागला. १९३१ची फोर्ड, १९८३ साली २० हजारांना घेतलेली, पुढे २१ लाखांना विकलेली. ती स्वतः वापरल्याचा पुरावा मालकाला देता आला नाही, देखभालीच्या खर्चाचासुद्धा नाही, आणि कर लागला. ‘मी ही गुंतवणूक म्हणून घेतोय’ असं तुम्ही जितकं ठासून सांगाल तितका तो कर जवळ येतो. हौस म्हणून घेतलीत, चालवलीत, पेट्रोलच्या आणि मेकॅनिकच्या पावत्या जपल्यात, तर बाजू भक्कम.

नोंदणीतही असाच पेच आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नोंदणीला २० हजार, दहा वर्षांसाठी, आणि नंतरच्या नूतनीकरणाला ५ हजार. स्वस्त आहे. पण मग गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या वापराला नाही. शिवाय गाडी मूळ रूपात असल्याचं नोंदणीआधी गाडी तपासणाऱ्या समितीला पटावं लागतं, आणि तिथे तो ‘डिझेल’ शब्द पुन्हा आडवा येणार. साध्या नोंदणीवर ठेवलीत तर हवी तशी चालवा, पण इम्पोर्टेड चारचाकी वीस वर्षांवर गेली की ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाचे ८० हजार, दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. माझ्या वर्षाच्या एक लाख वीस हजारांत हे धरलेलं नाही.

तेव्हा फंड मोडून ही गाडी घेऊ नका. त्या ६४ लाखांतले निम्मे मुलीच्या शिक्षणाचे आहेत आणि ते दोन वर्षांत लागणार आहेत. मी तर म्हणेन की तो भाग आत्तापासूनच इक्विटीतून हळूहळू काढून मुदत ठेवीत घाला. वहिनींचा विरोध गाडीला आहे असं मला वाटत नाही, या पैशाला आहे.

हौसच असेल तर मात्र मी तुम्हाला अडवणार नाही. मार्चमध्ये बोनस येतो म्हणालात. दोन वर्षांचे बोनस साठवा, गाडीसाठी १५ लाखांची मर्यादा घाला, आणि ते पैसे परत येणार नाहीत असं धरूनच घाला. तेवढ्यात फिनटेल नाही जमली तर १९९५ नंतर आपल्या पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडलेली ई २२० बघा. ती विंटेज नाही आणि तिला पंखही नाहीत, पण सुटे भाग मिळतात आणि ती जाणणारे मेकॅनिक पुण्यात आहेत. मला विचाराल तर पहिली जुनी गाडी तीच असावी.

तरीही नाशिकला जाणारच असाल तर सोबत फडक्यात गुंडाळलेलं एक चुंबक न्या. दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटमागचा पत्रा, डिकीत स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायच्या जागा इथे फिरवा. चुंबक सुटलं की तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग चॅसिस नंबर पाहा. २२० एसचा १११.०१२ने सुरू होतो. ११०ने सुरू झाला तर ती मुळात धाकटी, चार सिलिंडरची गाडी आहे आणि बोलणं तिथेच संपवा. इंजिन नंबर १८०ने सुरू होतो का तेही बघा, फोटो काढा.

आणि टोकनचे ५० हजार अजून दिले नसतील तर थांबा. आधी विकणाऱ्याने स्वतःच्या नावावर असतानाच आरटीओत इंजिनाची नोंद दुरुस्त करून आणावी. ते काम त्याचं आहे, तुमचं नाही. नवीन आरसीची प्रत आली की मला पाठवा, मग भावाचं बोलू.