अचाट माणसं आणि आपली पोरं : वाचकांची प्रश्नोत्तरे

मे महिना लागला की दवाखान्यात आणि पत्रांतून तेच ते प्रश्न येऊ लागतात. चाकरमानी मुलाबाळांसह गावी आलेले असतात, मुलांच्या हातात मोबाइल असतो, मोबाइलवर ‘अद्भुत शक्तीची माणसं’ असतात, आणि घरापासून चार पावलांवर विहीर नाहीतर खाडी. त्या व्हिडिओंतलं बरंचसं खरं असतं. माणसाचं शरीर थक्क करणारंच आहे. पण व्हिडिओत करामत दिसते, तिच्यामागची तयारी आणि अटी दिसत नाहीत. म्हणून या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो, हे खरं का? उरलेला जागा करायला काही औषध आहे का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

खोटं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. सगळा मेंदू कामात असतो. औषध नाही. झोप पुरी घ्या.

प्रश्न : देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. तिथे थोडा वेळ बसलं की गुडघेदुखी जाते असं कळलं. सासूबाईंना न्यावं का? (एक गृहिणी, राजापूर)

सुई भरकटते हे खरं. त्या जागच्या खडकात चुंबकत्व आहे. गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कातळशिल्पं जरूर दाखवा, कोकणातल्या निवडक शिल्पांबरोबर ते ठिकाण २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांनी भर उन्हात सडा (कातळाचं उघडं पठार) तुडवायला लावू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चा वर्ग सुरू झालाय. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं रंग ओळखतात, पुस्तक वाचतात. फी बरीच आहे, पण मुलाचं अभ्यासात लक्ष नाही म्हणून घालावं म्हणतो. (एक वडील, कणकवली)

घालू नका. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. तो बंद पडलेला नसतोच, मग तो चालू कसला करणार? डोळ्यांची हालचाल, उजेडात बाहुली आकसणं, आवाजाच्या दिशेनं मान वळणं ही त्याची कामं आहेत. तिथल्या काही विशिष्ट पेशी मरत गेल्या की पार्किन्सनचा आजार होतो. तुमच्या मुलाचा मध्यमेंदू जन्मापासून काम करतोय.

मुलं वाचतात ती नाकाच्या बाजूला राहिलेल्या फटीतून. खात्री करायची असेल तर पोहण्याचा चष्मा आतून पूर्ण काळा करून घाला, किंवा पुस्तक मुलाच्या डोक्यामागे धरा. वर्गवाले अशी परीक्षा घेऊ देत नाहीत, ‘मुलावर ताण येतो’ म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी हे प्रकार वेळोवेळी उघडे पाडले आहेत, तरी नाव बदलून नवा वर्ग निघतोच. पैसे जातात त्यापेक्षा मला त्रास होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आपण फटीतून बघतोय हे त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पक्कं माहीत असतं, आणि आई-बाबा खूश आहेत म्हणून ते गप्प बसतं. आईबापांनी फी भरून मुलाला खोटं बोलायला शिकवावं, हे मला बघवत नाही.

अभ्यासात लक्ष नसेल तर आधी नेत्रतपासणी, मग कानांची तपासणी, आणि त्यानंतर बालरोगतज्ज्ञांशी बोलणं. फळ्यावरचं दिसत नाही एवढंच कारण असलेली मुलं आमच्याकडे कितीतरी येतात.

प्रश्न : होळीच्या निखाऱ्यांवरून लोक चालतात, गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड (व्रत घेतलेले भाविक) चालतात, त्यांना भाजत कसं नाही? वडिलांना यंदा नवस फेडायचा आहे. त्यांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. (एक मुलगा, सावंतवाडी)

लाकडाचा निखारा तापलेला असला तरी उष्णता फार हळू देतो, वर राखेचा थर असतो, आणि चालणाऱ्याचं पाऊल निखाऱ्यावर क्षणभरच टेकतं. म्हणून बहुतेकांना भाजत नाही. पण जो थबकतो किंवा अडखळतो त्याला भाजतं. भाविकांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही.

वडिलांना मात्र चालू देऊ नका. इतक्या वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता मोठी. भाजलं तरी कळणार नाही, फोड दोन दिवसांनी दिसेल, जखम चिघळेल, आणि त्यातून पाय कापायची वेळ येते. नवस कसा फेडायचा हे गावच्या मानकऱ्यांना विचारा, काही पर्याय ते सांगतीलच. पायाची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न : इंडोनेशियातले बाजाऊ लोक श्वास रोखून खोल समुद्रात मासे मारतात आणि एका माणसाने पाण्याखाली २४ मिनिटं श्वास रोखला, हे माझ्या मुलाने पाहिलं. तो चौदा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर विहिरीत स्पर्धा लावतो. बुडी मारण्याआधी भस्त्रिका केली की जास्त वेळ टिकता येतं असं ते म्हणतात. प्राणायामच आहे, म्हणजे चांगलंच ना? (एक आई, मालवण)

ताई, हे आज, आत्ता थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आधी खरं काय ते सांगतो. बाजाऊंची गोष्ट खरी आहे. ते साधे लाकडी चष्मे लावून ७० मीटरपर्यंत खोल जातात. त्यांच्यावरचं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. शेजारच्या, समुद्रात न उतरणाऱ्या सालुआन लोकांपेक्षा त्यांची प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असणारा, रक्त साठवणारा अवयव) सुमारे ५० टक्के मोठी निघाली. बुडी मारल्यावर प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यात साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणजे थोडा जास्त ऑक्सिजन मिळतो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या बाजाऊंनी आयुष्यात बुडी मारली नाही, त्यांचीही प्लीहा मोठीच होती. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगून अंगात उतरलेली ही देणगी आहे. सुट्टीत सराव करून ती येत नाही.

चोवीस मिनिटांचंही खरं. क्रोएशियाचे बुदिमीर शोबात यांनी २०२१ मध्ये २४ मिनिटं ३७ सेकंदांचा विक्रम केला. पण तो पोहण्याच्या तलावात, स्थिर पडून, आजूबाजूला वैद्यकीय पथक ठेवून, आणि आधी शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन. हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजनशिवायचा ब्रांको पेत्रोविच यांचा २०१४ चा विक्रम ११ मिनिटं ५४ सेकंदांचा आहे, आणि तोही वर्षानुवर्षं तयारी केलेल्या माणसाचा. व्हिडिओत ऑक्सिजनचं सिलिंडर दाखवत नाहीत, आणि पोरांना वाटतं की इच्छाशक्तीचाच खेळ आहे.

आता भस्त्रिका. श्वास कोंडल्यावर ‘आता वर चल’ अशी जी तडफड होते, ती ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. भराभर खोल श्वास घेतले की हा कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ऑक्सिजन मात्र वाढत नाही, कारण निरोगी माणसाचं रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. म्हणजे मुलाने जादा ऑक्सिजन घेतला नाही, फक्त धोक्याची घंटा बंद केली. तो आरामात खाली राहतो, ऑक्सिजन संपत जातो, आणि तडफड सुरू होण्याआधीच शुद्ध जाते. वर येताना तर धोका वाढतो: दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तो वर येताना घटतो आणि फुफ्फुसातल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनचा दाबही त्याबरोबर पडतो. कितीतरी जण पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन बेशुद्ध होतात. पण त्यासाठी खोल पाणीही लागत नाही. कमरेएवढ्या तलावातही हे होतं.

आणि यात आवाज होत नाही. हातपाय मारणं नाही, ओरडणं नाही. काठावरचे मित्र ‘काय टिकतोय!’ म्हणून मोजत राहतात. चांगला पोहणारा मुलगा यात जास्त जातो, कारण त्याच्याबद्दल कुणाला काळजी वाटत नाही. आपल्याकडे ‘पट्टीचा पोहणारा होता, पाण्याने ओढला’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मला तो संपवायचा नाही. कारण कळलं तर पुढचा मुलगा वाचेल.

भस्त्रिका जमिनीवर, बसून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली करायची गोष्ट आहे. पाण्याच्या काठावर ती करायची नाही.

घरात एवढे नियम करा. पाण्यात उतरण्याआधी भराभर श्वास नाही. श्वास रोखण्याची स्पर्धा नाही, पैज नाही. एक जण पाण्याखाली असेल तर दुसऱ्याची नजर त्याच्यावरच. शिनाणे (खडकांना चिकटलेले शिंपले) काढायला खडकांवर बुडी मारणाऱ्या मोठ्यांनाही हेच लागू आहे, त्यांनी एकट्याने जाऊ नये.

कुणी बेशुद्ध बाहेर काढलाच तर पालथं घालून पोट दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं, मडक्यावर आडवं टाकणं, यातलं काहीही करू नका. यात जाणारं प्रत्येक मिनिट मेंदू मरण्याचं आहे. उताणं झोपवा, श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास हे चक्र चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आणि मुलगा उठून बसला, हसला, तरी रुग्णालयात न्याच. फुफ्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते. ‘बरा दिसतोय, सकाळी बघू’ या वाक्याची मला भीती वाटते.

मुलाला अचाट काही करायचंच असेल तर चांगली वाट आहे. अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची मुलं पाण्याखाली चष्म्याशिवाय बारीक वस्तू ओळखतात, कारण बाहुली अगदी लहान करून ती नजर जुळवतात. युरोपातल्या मुलांनाही सरावाने हे जमलं. प्रशिक्षकाच्या समोर, तलावात, वर श्वास घेत घेत त्याला हे करून पाहू दे. त्याआधी हृदय आणि फुफ्फुसांची तपासणी करून घ्या. फिट किंवा दम्याचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय पाण्यात पाठवू नका.

प्रश्न : तारकर्लीला सकाळी स्कूबा करून दुपारी चिपीहून विमानाने जाता येईल का? (एक पर्यटक, पुणे)

नाही. एका बुडीनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त बुड्यांनंतर १८ तास थांबायचं. दाब कमी झाला की शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आंबोली घाट लगेच चढायचा असेल तरी प्रशिक्षकांना विचारा. बुडीनंतर सांधे दुखले, चक्कर आली किंवा मुंग्या आल्या तर ‘दमलो असेन’ म्हणून झोपू नका, थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : रात्री लाटा निळ्या चमकतात. त्या पाण्यात पाय घातले तर चालतात का? (एक वाचक, गुहागर)

चालतात. तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांचा उजेड आहे, पाणी हललं की चमकतो. त्याच पाण्यात जेलीफिश असू शकतात, म्हणून पोहू नका. नंतर गोड्या पाण्याने पाय धुवा. पुरळ आलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा. रोह्यापासून ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेची सगळी स्टेशनं क्रमाने सांगतो, उलटीही सांगतो. कुठल्याही तारखेचा वार सांगतो. पण हाक मारली तर बघत नाही, स्वतःहून ‘पाणी दे’ म्हणत नाही. शेजारी म्हणतात, दैवी देणगी आहे, दृष्ट काढा. सून म्हणते डॉक्टरकडे नेऊ. (एक आजी, रत्नागिरी)

आजी, सुनेचं ऐका.

अमेरिकेत किम पीक नावाचे गृहस्थ होते. त्यांना हजारो पुस्तकं पाठ होती, तारखेचा वार ते लगेच सांगत. पण शर्टाची बटणं लावायला त्यांना मदत लागायची. अशी बुद्धी आणि अशी अडचण एकाच माणसात असू शकते. नातवाची स्मरणशक्ती खरी आहे, तिचं कौतुक करा. पण हाकेला ओ न देणं आणि गरज न सांगणं याकडे स्मरणशक्तीच्या कौतुकात दुर्लक्ष होतंय. हे स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) लक्षण असू शकतं, किंवा साधं कमी ऐकू येत असेल. घरबसल्या ते ठरवता येत नाही, मलाही पत्रावरून येणार नाही.

आधी कानांची तपासणी, मग विकासात्मक तपासणी. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय असते, तिथे चौकशी करा, सरकारी योजनेत हे मोफत होतं. भाषा आणि वागणुकीचे उपचार जितक्या लहान वयात सुरू होतात तितका त्यांचा उपयोग जास्त. ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘त्याचा बापही असाच होता’ हे मी रोज ऐकतो, आणि त्यात वर्षं जातात. पाहुण्यांसमोर स्टेशनं म्हणून दाखवायला लावणं सध्या बंद करा. त्याला पाणी हवं असेल तर त्याने बोट दाखवून, आवाज काढून, कसंही मागेपर्यंत पेला हातात धरून त्याच्यासमोर बसा, आणि मागितलं की लगेच द्या. तपासणीची तारीख मात्र याच आठवड्यात घ्या, शाळाप्रवेशापर्यंत थांबू नका.