मोठा मासा लागला की दोरी तुटते. आणखी जाड दोरी घ्यावी का?

एवढ्यात नको. आधी एक सांगा, तुटलेल्या दोरीचं टोक नीट पाहिलंत का?

तुम्ही लिहिलंय की 0.30 मिलिमीटरची नायलॉनची दोरी आहे, वेष्टनावर 6 किलो छापलंय, आणि महिन्याभरात तीन मासे दोरी तोडून गेले. मासे दोन-अडीच किलोंचे असतील असा तुमचा अंदाज आहे. तसं असेल तर दोरीची जाडी पुरेशी आहे. तिला कुठेतरी कमजोर केलं जातंय, आणि ते कुठे हे टोक सांगतं.

मीही सुरुवातीला जाडीच वाढवत गेलो होतो. 0.35 झाली, 0.40 झाली. मासे सुटायचे थांबले नाहीत, उलट गळ पूर्वीइतका लांब पडेना. एके दिवशी शेजारी गरवायला बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी दोरी हातात घेतली आणि टोक उजेडात धरलं. टोकाला बारीक वेटोळी पडली होती. ‘‘ही तुटलेली नाही, गाठ निसटलीये,’’ ते म्हणाले. इतके दिवस मी दोरीला दोष देत होतो आणि चूक माझ्या बोटांत होती!

टोकाला अशी वेटोळी दिसली तर गाठ सुटली असं समजा. टोकाजवळची दोरी खरखरीत, पांढुरकी झाली असेल तर ती दगडावर, शिंपल्यावर किंवा माशाच्या दातांवर घासलीये. सरळ, स्वच्छ तुटली असेल तर ताण जास्त झाला किंवा आधीच कुठे बारीक चीर होती.

गाठीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. साधी एकपदरी गाठ मारली की दोरीची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे तुमची 6 किलोची दोरी 3 किलोची झाली. त्याऐवजी टोक गळाच्या भोकातून घ्या, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, भोकाजवळच्या छोट्या फटीतून परत ओवा आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढा. आता आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने भिजवा. हे चुकवू नका. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं तिथेच दुबळं होतं. वेढे एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा बांधा. हाताने जोरात ओढून पाहिल्याशिवाय गळ पाण्यात टाकू नका.

दुसरी जागा म्हणजे रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढला की रिळाने दोरी सोडायची हे ठरवणारी पकड. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा, म्हणजे तुमच्यासाठी दीड ते दोन किलो. अंदाजाने नको. दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा आणि किती किलोला रीळ दोरी सोडू लागतं ते बघा. आणखी एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. मासा दूर पळतो तशी स्पूलवरची, म्हणजे रिळाच्या चकरीवर गुंडाळलेली, दोरी संपत जाते आणि गुंडाळीचा घेर लहान होतो. ड्रॅगची पकड तीच राहते, पण घेर निम्मा झाला की दोरीवरचा ताण दुप्पट होतो. तुमच्या दीड किलोचे तीन किलो झाले. म्हणून मासा लांब गेल्यावर घाबरून ड्रॅग आवळायचा नाही, उलट किंचित सैल करायचा. तुम्ही लिहिलंय की तिन्ही मासे ‘शेवटच्या धावेत’ गेले. मला दाट शंका याचीच आहे.

पण फार सैलही ठेवू नका. खेळवणं लांबलं की मासा पार दमतो. गोड्या पाण्यात 20 अंश तापमानाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. उन्हाळ्याच्या दुपारी दमवलेला मासा परत सोडला तरी जगेलच असं नाही. मला हे मनापासून लागतं. तोंडात गळ आणि मागे फरफटणारी दोरी घेऊन गेलेला मासा कुठेतरी झाडोऱ्यात अडकून मरतो, म्हणून दोरी तुटणं हे निव्वळ माझं नुकसान वाटत नाही. पकडीने गळाचा उलटा काटा दाबून टाका. असा गळ माशाच्या तोंडातून लवकर निघतो, आणि दोरी ताणलेली ठेवली तर मासे सहसा सुटत नाहीत.

दोरीचं म्हणाल तर नायलॉन उन्हाने जीर्ण होतं. दर वेळी गरवायला बसण्याआधी गळाजवळची मीटरभर दोरी दोन बोटांतून फिरवा, खरखर लागली की तेवढी कापून गळ नव्याने बांधा. कापलेला तुकडा खिशात घालून घरी न्या, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

एवढं करूनही पुन्हा तुटली तर टोकाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. तुमचा तळ खडकाळ असेल आणि टोक पांढुरकं निघालं, तर शेवटच्या मीटरभरासाठी जाड दोरी लावायला मीच सांगेन.